आत्याच्या गाण्यातला नंदू

नंदू लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जिन्याने चढायचा. धडधाकट लिफ्ट समोर दार उघडून उभी असली तरी वर जाताना हा जिनाच धरणार. खाली येताना मात्र लिफ्टने, तेही डोळे मिटून. "वर जाताना माणसं सांगतात, खाली येताना लिफ्ट सांगते," असं त्याचं म्हणणं. आणि ते खरंही होतं. आमच्याकडे तक्रार 'लिफ्ट बंद' एवढीच यायची. पण हा जिना चढायला लागला की मधल्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून सांगत, दुपारची लिफ्ट कण्हते रे बाबा. त्यांच्या वरचे काका सांगत, दाराला उचकी लागते. गच्चीपर्यंत पोचेस्तोवर नंदूला लिफ्टचं दुखणं कळलेलं असायचं. शिवाय कोणाकडे पाहुणे आलेत आणि कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हेही. ती दुसरी माहिती त्याच्याकडून काढून घ्यायचा मी फार प्रयत्न केला. "शुभाबाय, मी लिफ्टवाला," एवढं म्हणून तो चहाकडे वळायचा.

आमची कंपनी मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तळमजल्यावर. कंपनी म्हणजे घाटकोपरचे मेहताशेठ, फोनवर मी, आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांच्या लिफ्ट सांभाळणारे पंधरावीस मेकॅनिक. माझं काम तक्रारी घेण्याचं. एरवी गोडगोड बोलणारा माणूस लिफ्ट बंद पडल्यावर फोनवर कसा बोलतो, ते ज्याने ऐकलं नाही त्याने माणसाचा स्वभाव पाहिलाय असं मी तरी म्हणणार नाही. पण ज्या सोसायटीत नंदू जाऊन आला तिथून दुसऱ्या दिवशी फोन यायचा तो आभाराचा, आणि तोही त्याच आजींचा. तेवढ्यासाठी मी त्याला फार मानायचे.

नंदू कोळीवाड्यातला. रुंद खांदे, उन्हाने कायमचा रापलेला चेहरा, आणि आवाज असा की शेजारच्या होडीवरच्या माणसाशी बोलतोय. घरचा धंदा मासळीचा, पण हा तरुणपणीच आयटीआय करून विजेच्या कामात शिरला. ऑफिसात आम्ही त्याच्या आवाजाची थट्टा करायचो. लिफ्टच्या कामात मात्र तो आवाज फार उपयोगाचा होता. हे काम दोघांचं. एकजण लिफ्टच्या टपावर, अंधाऱ्या शाफ्टमध्ये उभा राहतो. दुसरा वर मशीनरूममध्ये, आणि लिफ्ट हलवणं त्याच्या हातात. टपावरचा "खाली घे" म्हणतो, वरचा घेतो. नंदूची यात एक अट होती. वरून तो "खाली घेतो" म्हणून ओरडणार, आणि टपावरच्याने "घे, खाली घे" असं पुन्हा म्हटल्याशिवाय बटणाला हात लावणार नाही. मोबाइल आले, वॉकीटॉकी आले, अट तशीच राहिली. त्याचा जोडीदार मिलिंद कांबळे, भांडुपचा, वयाने बराच लहान. तो सुरुवातीला वैतागायचा. "दादा, एकदा बोललो ना यार!"

"परत बोल. तोंडाची वाफच जातेय, जीव नाही जात."

दर गुरुवारी संध्याकाळी नंदू वेळेत निघायचा. शेठनी जादा पैसे देऊ केले तरी थांबायचा नाही. गुरुवार म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, हा दत्ताचा भक्त. त्यावरून त्याला कोण मान! मी औदुंबराला जाऊन आले तर प्रसाद पहिला नंदूला. शेठच्या बायकोने त्याच्यासाठी पेढे पाठवले. तो हात पुढे करून पेढा घ्यायचा, कपाळाला लावायचा, खायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. आम्हीच परस्पर भक्त केलेल्या माणसाने आणखी काय करावं?

मग नंदूच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. नंदूने सगळ्या ऑफिसला हळदीचं आमंत्रण दिलं. शेठ आणि शेठाणीसुद्धा आले. त्यांच्यासाठी नंदूने वेगळ्या चुलीवर बटाट्याची भाजी आणि पुऱ्या करवल्या होत्या, आणि त्या पातेल्याजवळ कोणी सुकट घेऊन फिरकू नये म्हणून एका मावशींना पहाऱ्यावर बसवलं होतं. मांडवात माणूस मावत नव्हता. कोळ्यांच्या हळदीत बाटली येतेच, तशी ती आली होती. नंदू मात्र पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत होता.

मांडवाच्या मधोमध बसली होती त्याची आत्या. या लोकांच्यात लग्नाचे विधी गाण्यातून चालवणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. नंदूची आत्या त्या गावची मानाची धवलारीण. सत्तरी उलटलेली, पण आवाज खणखणीत. त्या घराण्याचा आवाज कुठून आला ते मला तिथे कळलं. आधी तिने देवांना बोलावलं, मग गावदेवीला, मग दर्याला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. मग जिवंत माणसांची पाळी आली. कोणी नवी होडी बांधली, कोणाची पोर नर्स झाली, ज्याचं जे चांगलं झालं ते ती एका ओळीत गुंफायची आणि बायका ती ओळ उचलून धरायच्या. नंदू समोरून चालला होता. तिने हात त्याच्याकडे केला आणि गायली,

"भाचा माजा बुरला व्हता, दर्यानं परत दिला गं,
बाटलीचा नाद सोरुनशी मानूस परत झायला गं."

बायकांनी ती ओळ दोनदा म्हटली. नंदूने जग खाली ठेवला, पुढे होऊन आत्याच्या पाया पडला. तिने हळदीच्या हातानेच त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मला गाण्याचा अर्थ पुरता लागेपर्यंत माझे डोळे भरून आले होते.

शेठनी वाकून मला विचारलं, "काय गाते ती? नंदूकडे हात केला ना?" मी काहीतरी गोलमाल सांगायच्या बेतात होते. पण शेजारी बसलेल्या बाईंना एवढा अभिमान वाटत होता की त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "शेठ, काय सांगू तुम्हाला! हा नंदू बंदरावर पडलेला असायचा. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली होती. मग आत्याने उचलून दारू सोडवायच्या केंद्रात टाकला. आता बघा, किती वर्षं झाली, वासपण घेत नाय. दर गुरुवारी त्या लोकांची मीटिंग असते ना, ती चुकवत नाय. आमच्या कोळीवाड्यात पोरांना याचं उदाहरण देतात."

शेठ हातात पुरी धरून ऐकत होते. पलीकडून नंदूने शेठचा चेहरा पाहिला. मघाशी आत्याच्या पाया पडताना जो माणूस आनंदाने फुलला होता, तो तिथल्या तिथे विझला.

मेहताशेठ वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. कोणाच्या घरी आजारपण आलं तर स्वतः डबा घेऊन जाणारा माणूस. पण ते घाबरले. लिफ्ट म्हणजे लोकांचे जीव, उद्या काही झालं तर काय, या विचाराने त्यांची झोप उडाली. सोमवारी त्यांनी नंदूला बोलावून सांगितलं, काढत नाही, पगार तोच, पण आता तू गोडाऊन सांभाळ. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीत लिफ्टची मोठी दुरुस्ती नंदू आणि मिलिंद करणार होते. शेठनी तिथल्या सेक्रेटरींना स्वतः फोन करून माणूस बदलल्याचं कळवलं, आणि प्रामाणिकपणाच्या भरात कारणही सांगून टाकलं.

सेक्रेटरी लोकांची आपापसांत किती ओळख असते ते मला त्या आठवड्यात समजलं. भांडुपहून फोन, पवईहून फोन. "मॅडम, तो बेवडा मेकॅनिक आमच्याकडे नाही ना पाठवत?" ज्यांच्या लिफ्टला गेली कित्येक वर्षं नंदूचाच हात लागत होता, तीच माणसं. एकाला मी विचारलं, "साहेब, बंद काय पडलंय, लिफ्ट की तुमचं डोकं?" त्याने शेठकडे माझी तक्रार केली. शेठ मला काही बोलले नाहीत, यावरून त्यांनाही आतून काहीतरी टोचत असावं असं मी धरून चालले.

मी गोडाऊनमध्ये गेले. रोलर आणि वायररोपच्या भेंडोळ्यांमध्ये नंदू स्टुलावर बसला होता. मी गेल्या गेल्या फणकारले, "एवढी वर्षं एकत्र चहा पितोय आपण, मला तरी सांगायचंस!"

तो शांतपणे म्हणाला, "तुझं ऑपरेशन झालं होतं. महिनाभर नव्हतीस. कसलं ऑपरेशन ते मला सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस."

"मग?"

मी शेजारच्या भेंडोळ्यावर बसकण मारली.

मिलिंदसुद्धा आला होता. तो दोन दिवस नंदूशी बोलला नव्हता. ज्याच्या हातात आपला जीव देतो त्याने आपल्यापासून हे लपवलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. पण सेक्रेटरींच्या फोनांनी त्याचा राग दुसरीकडे वळला. "दादा, माझी बहीण वकील आहे. ती म्हणते, माणसाच्या ट्रीटमेंटची गोष्ट अशी गावभर करता येत नाही. नोटीस देऊन टाकू."

"नोटीस दिली की शेठचा वकील बोलणार. मला शेठशी बोलायचंय," नंदू म्हणाला. मग मिलिंद निघाला तसा, "पण बहिणीचा नंबर दे. बोलून नाही जमलं तर लागेल."

मिलिंद गेल्यावर तो मला म्हणाला, "दारूची भीती नाही वाटत मला, बाय. लोक माझ्याकडे परत त्या जुन्या नजरेने बघायला लागलेत. रोज इथे असं बसून राहिलो तर मी स्वतःकडे कधी तसा बघायला लागेन, त्याची वाटते." त्याचा तो होडीवरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. तेव्हा मला कळलं की गोडाऊनच्या त्या स्टुलावर या माणसाची काय वाट लागू शकते. मला शेठचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही.

त्याहून जास्त राग आत्याचा आला होता. रविवारी मी बोरिवलीहून तडक कोळीवाडा गाठला. आत्या ओट्यावर बसून मासळी कापत होती. मी तिला सगळं सुनावलं, की तुमच्या एका ओळीने त्याची नोकरी जायची वेळ आली. तिला आधी समजलंच नाही. मग तिने हातातला कोयता खाली ठेवला.

"आमच्या कोलीवाऱ्यान कोन काय लपवतंय, बाय? त्यो परला तवा सगल्यांनी बगला. उठला तवा नको बगाया?"

भांडायला गेले होते, ती पिशवीभर बोंबील घेऊन परत आले.

हे नंदूला सांगितलं तेव्हा तो खूप दिवसांनी हसला. "आत्याला काय बोलू नकोस. तिने मला पडताना बघितलंय, तिनेच उचललंय. तिला गायचा हक्क आहे. शेठने मला पहिल्यापासून उभाच बघितला. मग माझं पडणं त्याने मुलुंडला का सांगावं?"

इतके दिवस माझ्या डोक्यात जो गुंता होता तो त्याने इतक्या सोप्या शब्दांत सोडवला की मी पाहतच राहिले. शब्द तेच होते. आत्याच्या तोंडी त्यांचा आशीर्वाद झाला, आणि शेठच्या फोनवरून जाताना त्यांचीच चुगली झाली.

त्यानंतरच्या आठवड्यात मिलिंद मुलुंडच्या कामावर दुसऱ्या मेकॅनिकबरोबर गेला. तो मेकॅनिक सज्जन. आयुष्यात कधी थेंबाला शिवलेला नाही. पण सलग दोन पाळ्या करून आलेला, आणि कानाला फोन. टपावर मिलिंद वाकून काम करत होता. त्याने "थांब" म्हटलं. वरच्याने "थांब" ऐकलं की काय ऐकलं कोण जाणे, पुन्हा विचारायची त्याला सवयच नव्हती. लिफ्ट हलली. फार नाही, हातभर. मिलिंदने अंग चोरलं म्हणून वाचला. दुपारी तो ऑफिसात आला, हातांना शाफ्टमधलं ग्रीस तसंच. तो तसाच शेठच्या केबिनमध्ये शिरला आणि म्हणाला, "शेठ, नंदूदादा नसेल तर मी टपावर जाणार नाही."

शेठनी नंदूला गोडाऊनमधून बोलावलं. मला म्हणाले, "शुभांगीबेन, तुम्हीपण बसा." बहुधा त्यांना साक्षीदार हवा होता, किंवा आधार. सगळे बसल्यावर शेठनीच सुरुवात केली. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "नंदू, तू मला सांगायला पाहिजे होतं ना. मी काय परका आहे?"

नंदू उभाच होता. "शेठ, कामावर घेताना तुम्ही विचारलंत, उंचीवर चक्कर येते का. नाही म्हटलं. करंटचं काम येतं का. येतं म्हटलं. दारू पितोस का, तेपण विचारलंत. नाही म्हटलं. सगळं खरं होतं. आधी पीत होतास का, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर म्हणालो असतो, ते माझं आहे."

"पण लोकांचा जीव आहे रे!"

"आहे ना. म्हणून आजचं विचारा. रोज विचारा. मला एकट्याला नको, सगळ्यांना विचारा. मिलिंद मागच्या महिन्यात पोरीच्या तापाने रात्रभर जागा होता आणि सकाळी टपावर चढला. त्याला कोणी विचारलं? आज मुलुंडला जो होता, त्याची झोप झाली होती का? तोंडाला वास नाही म्हणजे माणूस फिट, असं नसतं शेठ." मग त्याचा तो मोठा आवाज परत आला. "मी आज चढायला फिट आहे का नाही, ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी कुठून वर आलो, ते सांगायचा नाही."

मग शेठनी विचारलं, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल आदर वाटला, "आज फिट आहेस?"

"आहे."

"मग जा मुलुंडला. दोघं जा."

मुलुंडला सेक्रेटरी गेटवरच उभे होते. मिलिंदने नंतर मला ते सगळं करून दाखवलं. सेक्रेटरी बोलता बोलता एवढे जवळ आले की त्यांचं नाक नंदूच्या हनुवटीला लागायचं बाकी होतं. नंदूने एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर भलामोठा श्वास सोडला. "जवळा आणि भाकरी. आत्याने केली होती. अजून काय पाहिजे?" सेक्रेटरी खोकत मागे सरले. नंदू जिन्याकडे वळला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं आणि विचारलं, "इतके दिवस कुठे होतास रे? तुझ्या माणसांना लिफ्टचं काही कळत नाही." दुसऱ्या दिवशी आजींचा फोन आला, नेहमीसारखा.

शेठचा स्वभाव मोठा विचित्र. आधी घाबरले होते, आता भारावले. सेफ्टीच्या कार्यक्रमात नंदूचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, बॅनरवर फोटो छापायचा, आणि नंदूने व्यसनमुक्तीवर दोन शब्द बोलायचे, असं त्यांनी ठरवलं. बॅनरचा मजकूर मला लिहायला सांगितला. मी तो नंदूला दाखवला. तो शेठकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "शेठ, वाईट म्हणून सांगितलंत तेव्हा मला त्रास झाला. चांगली म्हणून सांगाल तरी गोष्ट माझीच आहे. सत्कार करायचा तर सकाळच्या प्रश्नाचा करा."

हा सकाळचा प्रश्न म्हणजे आमच्या कंपनीत केबिनमधल्या त्या बोलण्यानंतर सुरू झालेली पद्धत. कामावर निघण्याआधी जोडीतला प्रत्येकजण दुसऱ्याला विचारतो, "आज वर की खाली?" जो 'खाली' म्हणेल त्याला त्या दिवशी टपावर चढवायचं नाही, पार्ट धुणं, पॅनल तपासणं असलं जमिनीवरचं काम द्यायचं. आणि खाली का, हे कोणी विचारायचं नाही. शेठनीसुद्धा. पद्धत ठरली, पण बरेच दिवस सगळे 'वर'च म्हणत राहिले. पुरुषांची जात, 'खाली' म्हणायला जीभ रेटत नाही. एके दिवशी नंदू म्हणाला, "आज खाली." सगळ्यांचे चहाचे ग्लास हवेतच राहिले. शेठच्या चेहऱ्यावर नुसती घालमेल. मला वाटलं, आता विचारणार. शेठ दोनदा केबिनमधून बाहेर आले, दोनदा परत गेले, आणि शेवटी म्हणाले, "नंदू, पॅनलचं काम पडलंय, ते कर." दुसऱ्या दिवशी नंदू 'वर' म्हणाला. त्याला ताप होता, की मन थाऱ्यावर नव्हतं, की शेठची परीक्षा घ्यायची होती, मला आजतागायत माहीत नाही. पण त्या आठवड्यात आणखी दोघे 'खाली' म्हणाले.

नंदू आता रिटायर झाला. निरोपाला त्याने शाल घेतली, पण भाषणात फक्त लिफ्टच्या दारांबद्दल बोलला. आत्या आली होती. शेठनी तिला सगळ्यांसमोर गायची विनंती केली, आणि तिने आधी नंदूकडे पाहिलं. त्याने मान हलवली, मग ती गायली. मला वाटतं, तिच्यापर्यंतही काहीतरी पोचलं होतं.

हे लिहू का, असं विचारायला मी परवा त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "लिही. पण नाव बदल, आणि कोळीवाडा कुठला ते सांगू नको. मुंबईत कोळीवाडा काय एकच आहे?" तेव्हा नंदू हे त्याचं नाव नाही. बाकी तो जसा आहे तसाच लिहिला आहे.

तो रिटायर झाल्यानंतरची एकच गोष्ट सांगायची राहिली. आमच्या मेकॅनिकांपैकी एकजण एका सकाळी शेठच्या केबिनमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो डोळे पुसत. शेठ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "याला रजा द्यायची आहे. लांबची. पगार चालू." माझ्या तोंडात प्रश्न आला होता. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. रजेच्या पहिल्या दिवशी त्याची बॅग उचलून त्याला केंद्रापर्यंत सोडायला कोण गेलं असेल, हे तुम्ही ओळखलं असेल. मला हे कोणी सांगितलं नाही. ऑफिसच्या गेटवरून नंदूचा आवाज ऐकू आला होता, आणि तो आवाज लपत नाही.

रजा संपवून तो माणूस परत आला. जरा बारीक झालेला, नजर स्वच्छ. माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि कसंनुसं हसत म्हणाला, "शुभाताई, तुम्हाला तर सगळं माहीतच असेल."

"मला एवढंच माहीत आहे की तू रजेवर होतास," मी म्हटलं. "आज वर की खाली?"

त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "वर." मी त्याला भांडुपचा पत्ता दिला.